चिप कुठे लावली

"बायकांचं पोट हलतच नाही रे," माझा प्रोजेक्ट पार्टनर स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"मग श्वास कुठून घेतात?" बाजूच्या टेबलावरच्याने विचारलं.

"बोलण्यातून वेळ मिळाला तर घेतील ना!"

दोघं हसले. मी मागे बसून चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटत होते.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात आम्ही श्वास मोजायचे दोन सेन्सर ताडून बघत होतो. एक ताणला जाणारा पट्टा, छातीभोवती आणि पोटाभोवती बांधायचा. दुसरी नखाएवढी चिप, त्वचेवर चिकटवायची. ऑपरेशन झालेल्या पोटावर पट्टा आवळता येत नाही, म्हणून ज्या हॉस्पिटलसाठी हे चाललं होतं, त्यांची खरी आशा चिपवर होती. आणि आता चाचणीला आलेल्या बाराही बायकांच्या पोटावरच्या चिपची रेघ जवळजवळ सपाट आली होती. पुरुषांची मात्र छान, लाटांसारखी.

कारण मला ठाऊक होतं. पडद्याआड बायकांना सेन्सर मी लावले होते. 'चिप नाभीच्या वर, उघड्या त्वचेवर' असं आम्हीच लिहून ठेवलं होतं. इंग्रजीत ते किती सोपं वाटलं होतं! समोर विक्रोळीहून येणाऱ्या सफाईच्या मावशी उभ्या राहिल्या, तेव्हा मला मराठीत एक धड वाक्य सुचेना. 'पोट उघडं करा' असं आईच्या वयाच्या बाईला कसं म्हणायचं? मावशीच म्हणाल्या, "लाव गं पटकन, नाश्ता करून आलेय, पोट काय आत जायचं नाही." मी चिप पदरावरच चिकटवली. मग पुढच्या सगळ्यांना तशीच, कुर्त्यांवर, ओढण्यांवर. आत पोट हलत होतं आणि चिप कापडावर निवांत बसून होती.

सर आले. उभ्यानेच आलेख पाहिले. "चिप बाद करू या. पट्टाच ठेवा. संध्याकाळी हॉस्पिटलला कळवतो."

पार्टनरने मान डोलावली आणि टाईप करायला लागला. मी उठले, पाण्याची बाटली उघडली, न पिता बंद केली, पुन्हा बसले. मेल करून सांगू? सर दारापर्यंत पोहोचले होते.

"सर, चिप बाद करू नका," मी म्हणाले. आवाज नको इतका मोठा निघाला. "मी ती कपड्यांवर लावली होती. पोट उघडं करा म्हणायला मला लाज वाटली. बाराही जणींचं परत मोजायला लागेल, आणि या वेळी मी म्हणेन."