बारा वाजताच्या बाईचा अर्ज

“क्रिएटिनिन नऊच्या वर गेलंय. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात,” डॉक्टर म्हणाले. मग माझ्या मागे, दाराकडे बघत त्यांनी विचारलं, “बरोबर कोण आलंय?”

“कुणी नाही,” मी म्हटलं.

त्यांनी रिपोर्ट पुन्हा उलटसुलट करून बघितला आणि खुर्ची थोडी माझ्या बाजूला ओढून सावकाश सांगू लागले. क्रिएटिनिन म्हणजे शरीरातला एक टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात त्याचं प्रमाण एकच्या आसपास असावं लागतं. माझं नऊच्या वर होतं. कित्येक वर्षं अंगावर काढलेल्या ब्लडप्रेशरनं हे केलं होतं.

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. लग्न केलेलं नाही. भाऊ इंदापूरला असतो, मी बारामतीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं दूध तपासण्याचं काम करत आले. यंत्रं आली तरी दूध आधी नाकानं तपासतात. झाकण उघडलं की वासावरून मला कळायचं, हे दूध टिकेल की फाटेल.

आजाराची पहिली खूण तिथंच दिसली होती, पण मला ती ओळखता आली नाही. एका सकाळी मी एक पूर्ण टँकर नापास केला. दुधाला वास येतोय म्हणून हटून बसले. ड्रायव्हर चिडला, मी त्याच्याहून जास्त चिडले. मॅनेजरांनी दूध पुन्हा तपासायला लावलं. त्यात काहीच दोष नव्हता. वास माझ्याच तोंडात होता. रक्तात साठलेल्या घाणीमुळे तोंडाला धातूसारखी चव येते आणि अन्नाचा वास सोसवत नाही, हे नंतर कळलं. सकाळी तोंड सुजायचं, जिना चढताना धाप लागायची. मी ते सगळं वयावर आणि कामावर ढकललं होतं. तुम्हाला यातलं काही होत असेल तर रक्त तपासून घ्या, एवढंच सांगते.

तातडीनं डायलिसिस सुरू करायचं ठरलं. आधी मानेतल्या शिरेत कॅथेटर, म्हणजे एक जाड नळी, बसवायची होती; पुढे छोटं ऑपरेशन करून हातातली शीर तयार झाली की सुया तिथं घालणार होते. संमतीच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. भावाला यायला दोन तास लागणार होते. मी शेजारच्या फ्लॅटमधल्या काकूंना फोन केला. त्या हातातलं काम टाकून आल्या आणि ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात त्यांनी ‘शेजारीण’ असं लिहिलं. संध्याकाळी भाऊ आला, रडला आणि दोन दिवस राहून परत गेला. त्याचा संसार होता, शेत होतं. मी त्याला दोष देत नाही. पण तो गेल्यावर खोलीत पंख्याचा आवाज किती मोठा येतो, ते मला पहिल्यांदा समजलं.

डायलिसिस म्हणजे यंत्रातून रक्त फिरवून ते धुणं आणि अंगात साठलेलं पाणी काढून टाकणं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. पाणी दिवसाला एक लिटरच, चहा-आमटी धरून. दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात पाणी साठत जातं. पाय जड होतात, छाती भरल्यासारखी वाटते. ठरलेल्या दिवशी मशीनवर पडेपर्यंत माणूस एकेक मिनिट मोजत असतो.

मला चार नंबरचं मशीन आणि दुपारी बाराची वेळ मिळाली होती. माझ्या आधी, सकाळी सातला, त्याच मशीनवर इंदापूर तालुक्यातल्या निरवांगी गावचे एक तात्या असायचे. साठीचे, बारीक अंगाचे, काकडी आणि भोपळी मिरची पिकवणारे. ते दर वेळी उशिरा यायचे. कधी पाऊण तास, कधी तासभर. त्यांचं चार तासांचं डायलिसिस संपून मशीन धुऊन होईपर्यंत एक वाजायचा. मी पावणेबारापासून बाहेरच्या बाकावर धापा टाकत बसलेली असायचे. तात्या बाहेर येताना माझ्याकडे बघून हात जोडायचे. मी तोंड फिरवायचे.

महिनाभरानं मी दवाखान्यात लेखी अर्ज दिला. लॅबमध्ये इतकी वर्षं रिपोर्ट लिहिलेले, त्यामुळे भाषा चोख होती. ‘एका रुग्णाच्या बेशिस्तीची शिक्षा दुसऱ्याला का?’ असं मी त्यात लिहिलं होतं. ते वाक्य सुचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करते.

पुढच्या खेपेपासून मशीन बाराला तयार मिळू लागलं. अर्जाचा उपयोग झाला म्हणून मी खूश होते. ते कसं जमवलं, हे मी विचारलं नाही. दोन-तीन आठवड्यांत तात्यांचे पाय सुजलेले दिसायला लागले. बाहेर येताना ते भिंतीला धरून चालायचे. हे पाणी जास्त पीत असणार, पथ्य पाळत नसणार, असं मी मनात म्हटलं. हात मात्र ते अजूनही जोडायचे.

एका मंगळवारी चार नंबरचं मशीन सकाळपासून रिकामं होतं. मी टेक्निशियन नितीनला विचारलं.

“तात्या आयसीयूत आहेत,” तो माझ्या हातात सुई घालता घालता म्हणाला. “फुप्फुसात पाणी भरलं. पल्मनरी इडीमा.”

“पथ्य पाळत नसतील.”

नितीननं सुईवर चिकटपट्टी लावली आणि मग माझ्याकडे बघितलं. “पथ्य पाळतात हो ते. पण तुमच्या अर्जानंतर त्यांना तीनच तास मिळत होते. जेवढा उशीर, तेवढा वेळ कमी, असं ठरलं होतं. निरवांगीहून पहिली एसटी धरली तरी इथं यायला आठ वाजतात. एसटी चुकली की भाजीच्या टेम्पोत बसून येतात बिचारे.”

ते चार तास मला हलता येणार नव्हतं. एका हातात दोन सुया, रक्त नळीतून जातंय, परत येतंय. छताकडे बघत मी पडून राहिले. शेजारच्या मशीनवरच्या बाई झोपल्या होत्या. ज्याला हे सांगावं असं माझ्या आयुष्यात कुणीच नव्हतं, आणि सांगण्यासारखी गोष्टही ही नव्हती.

संपल्यावर मी आयसीयूबाहेर गेले. कधीमधी तात्यांबरोबर येणाऱ्या त्यांच्या बायको, हौसाबाई, जमिनीवर पिशवीला टेकून बसल्या होत्या. मीही खाली बसले. चक्कर येत होती. म्हटलं, “मावशी, मी चार नंबरच्या मशीनवर दुपारी असते. तक्रारीचा अर्ज मी दिला होता.”

“ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या. “सिस्टर म्हणल्या हुत्या, बारा वाजताच्या बाईनं अर्ज दिलाय म्हणून.”

“मग तुम्ही दोघं मला एकदाही बोलला नाहीत?”

“मी बोलणार हुते. ह्यांनी न्हाय बोलू दिलं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “म्हणले, तिच्याबी अंगात पाणी साठतं की. आपल्या उशिरापायी तिला बसावं लागतं. एकलीच येती, एकलीच जाती, संगं कुणी न्हाय. तिला काय बोलायचं?”

मी त्यांची माफी मागितली, तीही धड शब्दांत नाही. त्या म्हणाल्या, “माफी ऱ्हाऊ द्या. ते बरं व्हत्याल का, तेवढं डॉक्टरला इचारून सांगा. आमाला त्यांचं इंग्रजी कळत न्हाय.”

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, “पाणी काढतोय. दोन दिवस थांबू, मग नीट सांगता येईल.” हौसाबाईंना मी ते समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तात्यांना बरं वाटू लागलं आणि त्यांचा ऑक्सिजन काढला.

मी बारामतीत, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर राहते. सातला पोचणं मला काहीच अवघड नव्हतं. बाराची वेळ तात्यांना अगदी सोयीची होती. दोन महिने आम्ही एकाच दारातून आत-बाहेर करत होतो, आणि तुम्ही कुठून येता, एवढंही मी कधी विचारलं नव्हतं. मी सिस्टरना वेळ बदलून द्यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, “हे मलाही सुचलं नाही बघा.”

मला सकाळी काम असायचं, म्हणून मी बाराची वेळ घेतली होती. आता डेअरीत मॅनेजरांना भेटून संध्याकाळच्या दुधाची पाळी मागून घेतली. त्यामुळे सकाळच्या पाळीतल्या मैत्रिणी सुटल्या. त्यांच्याबरोबर डबा खायचे, तेवढंच काय ते दिवसभरातलं बोलणं होतं. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

आजारी माणसाला वाटतं, आपलं दुखणं एवढं मोठं आहे की दुसऱ्याकडे बघायची आपल्याला माफी आहे. लोकही ती देतात. मीही घेतली. तुमच्यावर ही वेळ आली तर चिडू नका असं मी म्हणणार नाही. चिडणारच. फक्त अर्ज लिहिण्याआधी बाकावरून उठून त्या माणसाशी एकदा बोला.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. किडनी मिळावी म्हणून यादीत माझं नाव आहे. तात्या वयामुळे यादीत नाहीत, हे त्यांना माहीत आहे. आमची काही मैत्री झाली असं म्हणता येणार नाही, तेवढा वेळच नसतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेअकरा वाजता मी बाहेर येते तेव्हा ते बाकावर बसलेले असतात.

“झालं का, बाई?” ते विचारतात.

“झालं, तात्या. जा आता तुम्ही.”

मग ते आत जातात. आठवड्यात मला असं विचारणारं दुसरं कुणी नाही. मी हातावरची पट्टी दाबून धरत तिथंच थोडा वेळ उभी राहते, आणि मग घराकडे चालू लागते.