शुद्ध हवेची पेटी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामा म्हणत. पांढऱ्या उंदरांची देखभाल हे त्यांचं काम. तळघरातल्या त्या खोलीत काचेच्या दोन मोठ्या पेट्या होत्या. एकीत फॉर्मल्डिहाइडचा, नाका-डोळ्यांना झोंबणारा वायू सोडायचा, दुसरीत पंपाने खोलीतली साधी हवा. पुढे दोन्हीकडच्या उंदरांची नाकं आणि श्वासनलिका तपासून फरक पाहायचा. दोन्ही पेट्यांच्या मधोमध मामांची खुर्ची. त्यांनी तिथे उभी हयात घालवली होती.

यंदा अहवाल विपरीत आला. साध्या हवेतल्या उंदरांचीही नाकं आतून सुजलेली, लाल झालेली.

"मामा, दोन्ही पेट्यांतल्या पिंजऱ्यांची अदलाबदल केलीत ना?" प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी सर्वांदेखत विचारलं.

"नाही, बाई."

"मग काय उंदीर स्वतःहून पलीकडे गेले?"

मागे कुणीतरी हसलं. मामांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

घरी त्या संध्याकाळी दूध करपलं. मामा शेगडीशेजारीच बसले होते.

"अहो, नाक आहे की खुंटी? सगळ्या घरभर वास सुटलाय," बायको म्हणाली.

मामांनी जोरात श्वास घेतला. वास म्हणून काही आलाच नाही. अदलाबदलीचा आळ डोक्यात घोळत होता, म्हणून त्यांनी त्यावर फार विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी पंप तपासायला मेकॅनिक आला आणि दारातच थबकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"काका, इथे बसता कसे तुम्ही? डोळे उघडवत नाहीत."

वायू बाहेर नेणाऱ्या नळीचा सांधा निसटला होता. वायू खोलीत पसरत होता आणि पंप तोच ओढून साध्या हवेच्या पेटीत सोडत होता. मामांना वास येईनासा झाला होता, डोळ्यांची चुरचुर अंगवळणी पडली होती आणि बाकी कुणी सहसा खाली उतरत नसे, म्हणून हे कळलंच नव्हतं.

डॉक्टरबाई धावत आल्या. तोंडाला मास्क लावून सांधा पाहिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, कारण सापडलं. या पेटीतले उंदीर बाद. नवे मागवा."

मामा वाट पाहत राहिले. आळाबद्दल एक शब्द नाही.

"आणि माझं काय, बाई?"

"तुमचं काय? तुमच्यावर आता कुणाचा संशय नाही."

"संशय गेला खड्ड्यात. हे उंदीर आले त्याच्या आधीपासून मी ही हवा घेतोय. त्यांची नाकं तुम्ही भिंगाखाली पाहिलीत. माझं कोण पाहणार?"

"तब्येत बरी दिसतेय तुमची. उगाच मनाला लावून घेऊ नका."

नवे उंदीर आले, तेव्हा मामांनी खोके तळघरात उतरवू दिले नाहीत. वर व्हरांड्यात सावलीत ठेवले, दाणापाणी केलं आणि जिन्याच्या तोंडाशी आडवी खुर्ची टाकून बसले.

"मामा, प्रयोग खोळंबलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"खोळंबू दे. नळी दुरुस्त होऊन खोलीची हवा तपासली जाईपर्यंत आणि माझं नाक न् छाती डॉक्टर पाहीपर्यंत खाली कुणी जाणार नाही. उंदीरही नाही."

"वरिष्ठांना सांगावं लागेल मला."

"सांगा. त्यांनाही म्हणावं, येऊन खाली तासभर बसा."

डॉक्टरबाईंनी खोक्यांकडे पाहिलं. उंदीर फार दिवस व्हरांड्यात ठेवता येणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी त्यांनी तिथूनच इस्पितळात फोन लावला. पलीकडून मामांच्या तपासणीसाठी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली.

"झालं समाधान?"

"तपासून आल्यावर सांगतो," मामा म्हणाले आणि खुर्चीवरून हलले नाहीत.