थांबलं कोण?

"थांबलं कोण?"

हा प्रश्न आमचे गुरुजी डोळे मिटूनच विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता पायातली वहाण भिरकवायचे. वहाण कधी कुणाला लागली नाही. ती समोरच्या भिंतीवरच्या मुंबई इलाख्याच्या नकाशाला लागायची. वर्षानुवर्षं एकाच जागी मार खाऊन त्या नकाशात खानदेशाच्या ठिकाणी भोक पडलं होतं. खानदेश म्हणजे एक मोठा खड्डा आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

तुमच्याही नशिबी असे एखादे मास्तर आलेच असतील. आमचे मात्र झोपण्यात पोचलेले होते. विरारजवळ, नंदाखाल गावाच्या बाजूला, केळीच्या वाड्यांच्या मधोमध आमची चौथीपर्यंतची शाळा. एक खोली, एक गुरुजी, चार इयत्ता. दुपारी जेवण झालं की गुरुजी खुर्चीत बसायचे, तपकिरीची चिमूट ओढायचे आणि म्हणायचे, "हं, पाढे." आम्ही बे एके बे सुरू केलं की पाचाच्या पाढ्याला त्यांची मान कलायची आणि सातापाशी घोरणं लागायचं.

आता खरी गंमत ऐका. पाढे चालू आहेत तोवर गुरुजी झोपलेले. पाढे थांबले की गुरुजी जागे. आमच्या कोलाहलात त्यांना पाळण्यातल्या मुलासारखी गाढ झोप लागायची आणि शांतता झाली की ते दचकून उठायचे. हे आम्ही पहिलीतच ओळखलं होतं. मग आम्ही पाळ्या लावल्या. अर्ध्यांनी पाढे म्हणायचे, अर्ध्यांनी मागच्या चिंचेवर जायचं. चिंचेवरचे उतरले की पाढेवाले चढायचे. माझा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून सूर धरायचं काम माझ्याकडे. लढाईच्या दिवसांत मुंबईला वाजायचा तसा आवाज आहे म्हणून गुरुजींनी माझं नाव भोंगा ठेवलं होतं. खऱ्या नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

कधीतरी कुणाला तरी हसू फुटायचं, सूर तुटायचा, आणि "थांबलं कोण?" पाठोपाठ वहाण. इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला एकाही पोराने उत्तर दिलं नाही. सगळे मान खाली घालून बसायचे. गुरुजीही कधी खोलात शिरायचे नाहीत. कुणीतरी वहाण आणून द्यायचं, ती पायात सरकवून ते पुन्हा म्हणायचे, "चालू करा."

गुरुजी घाटावरचे. त्यांच्या गावी नारळ म्हणजे देवापुढे फोडायची वस्तू. ती रोज वाटून कालवणात घालतात हे आमच्याकडे आल्यावर त्यांना कळलं, आणि तिथेच घात झाला. ते एकटे राहायचे, त्यामुळे त्यांचं दुपारचं जेवण गावाने वाराने लावून दिलं होतं. सोमवारी एकाचं घर, मंगळवारी दुसऱ्याचं. आम्ही ख्रिस्ती, पुढच्या आळीतली घरं हिंदू, गुरुजींनी त्यात कधी भेद केला नाही. "पोटाला जात विचारू नये," असं ते म्हणायचे. पोटाला त्यांनी कधीच काही विचारलं नाही हे मात्र खरं. झोप किती लांबणार हे वारावर ठरायचं. बुधवार आमच्या घरचा. आयच्या हातचं, नारळाच्या वाटणातलं कोळंबीचं भुजणं आणि भात पोटात गेला की गुरुजी चार वाजेपर्यंत उठत नसत. बुधवारी आमची सगळी चिंच झाडून व्हायची.

शिकवायचे कसे, असं विचाराल तर खरं सांगते, वाईट शिकवायचे. त्यांना पाढे यायचे आणि अक्षर सुंदर होतं. बाकी सगळा आनंदीआनंद. मी लहानपणी फार भोचक होते. भरती रोज थोडी थोडी उशिरा का येते? केळं वाकडंच का वाढतं? विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार कसं लागतं? असलं काही विचारलं की गुरुजी तपकीर ओढायचे, जरा वर बघायचे आणि म्हणायचे, "ते पाचवीला आहे."

एकदा मी विचारलं, "गुरुजी, देव झोपतो का?"

"तेही पाचवीला आहे."

माझा त्यावर पक्का विश्वास बसला. जगातली सगळी उत्तरं कुठल्याशा पाचवीत ठेवलेली आहेत आणि आपण तिथे पोचलो की ती एकदम मिळणार. पण आमच्या शाळेत पाचवीच नव्हती. मुलगे चौथीनंतर आगाशीला चालत जायचे. मुली वाडीत जायच्या. बाबांनी मला बजावून ठेवलं होतं, "इथं पाचवी आली तर शीक. आगाशीपर्यंत तंगडतोड करायची नाय. वाडीला पानी कोन देनार?" म्हणजे चौथी संपली की मी रहाटाच्या बैलामागे. दिवसभर बैल गोल फिरणार आणि त्याच्यामागे मी गोल फिरणार. माझ्या थोरल्या बहिणीने तेच केलं होतं.

आणि त्याच वर्षी बातमी आली की पाचवीचा वर्ग द्यायचा की नाही हे ठरवायला दिपोटी येणार आहेत. शाळा तपासणाऱ्या साहेबांना सगळा गाव दिपोटी म्हणायचा. स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण दिपोटींची भीती काही गेली नव्हती.

गुरुजींची तर गाळण उडाली. शाळा सारवून घेतली. खानदेशाच्या भोकावर मागून कागद चिकटवला. आदल्या दिवशी आम्हाला समोर बसवून ते म्हणाले, "हे बघा, उद्या मी जेवणार नाही. एक घास नाही. आणि उद्या कुणी पाढ्याचं नाव काढायचं नाही. साहेबांनी काहीही विचारलं तरी कविता म्हणा."

"आणि कविता येत नसली तर?" मी विचारलं.

"ते..." म्हणाले आणि थांबले. पहिल्यांदाच त्यांना पाचवीचं नाव घेता आलं नाही.

दुसरा दिवस नेमका बुधवार. गुरुजी जेवणार नाहीत असं मी घरी सांगितलं तर आय माझ्यावरच उखडली. "सायेब येनार म्हनून मास्तरला उपाशी ठेवायचा? गावाची काय अब्रू राहील?" आमच्याकडे पाहुणा उपाशी राहिला तर घरात मयत झाल्यासारखं करतात. तिने रोजच्या दुप्पट भुजणं केलं, भात केला, वर साहेबांसाठी उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली आणि सगळं माझ्या डोक्यावर ठेवून मला पिटाळलं. गुरुजींनी नाही नाही म्हणत झाकण उघडलं. वास आला. ते म्हणाले, "दोन घास खातो. अन्नाचा अपमान नको." त्यांनी पातेलं पुसून खाल्लं.

दिपोटी विरारहून टांग्याने आले. किरकोळ माणूस, डोक्यावर गोल हॅट, चेहरा कोरा. हॅट त्यांनी नकाशाच्याच खुंटीला, नेमकी खानदेशावर, अडकवली, खुर्चीत बसले, सुकेळं तोंडात टाकलं आणि म्हणाले, "हं, पाढे म्हणा."

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत इतकी काकुळत होती की ती मला अजून दिसते. पण साहेबांना नाही कोण म्हणणार? मी सूर धरला.

गुरुजी नकाशासमोरच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी फार प्रयत्न केला हो. पाचाला मांडीला चिमटा घेतला. सहाला तपकीर ओढली. साताला मान कलली. घोड्यासारखे उभ्या उभ्याच झोपले.

दिपोटींना वाटलं, मास्तर तल्लीन होऊन ऐकतायत. त्यांनीही कौतुकाने मान डोलवली. आता आमची पंचाईत बघा. थांबलो तर गुरुजी जागे होणार, आणि साहेबांच्या देखत वहाण जाणार. म्हणजे पाचवी गेली, मी रहाटाला जुंपले गेले. मी ठरवलं, थांबायचंच नाही. वर्गालाही ते न सांगता कळलं. दहापर्यंत झाले, वीसपर्यंत झाले. साहेब म्हणाले, "वा." आम्ही तीसपर्यंत गेलो. श्वास न घेता अपूर्णांकांचे पाढे धरले, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. साहेब सुकेळं खायचं विसरले. औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनाच्या पाढ्यापर्यंत, पोचलेला वर्ग त्यांनी आख्ख्या तालुक्यात पाहिला नसावा. "बास," ते म्हणाले. आम्ही चालूच. औटकी संपली. पुढे काहीच उरलं नाही, म्हणून मी पुन्हा बे एके बे धरलं.

तेवढ्यात गुरुजी घोरले.

साहेबांनी वळून पाहिलं. उठले, गुरुजींच्या अगदी तोंडाजवळ जाऊन पाहिलं. मग आमच्याकडे वळून हात वर केला आणि असे ओरडले की आमचा सूर जागच्या जागी तुटला. "पुरे!"

"थांबलं कोण?"

वहाण गेली. बरोबर नेमावर गेली, पण खानदेशाच्या आधी वाटेत हॅट होती. हॅट गरगरत कोपऱ्यात पडली. गुरुजींनी डोळे उघडले. साहेब शांतपणे गेले, वहाण उचलली, गुरुजींच्या पायाशी नीट ठेवली आणि म्हणाले, "मी थांबवलं."

वर्गात कुणी हसलं नाही. ते हसू आम्ही नंतर पुढची दहा वर्षं पुरवून पुरवून हसलो.

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "काय गं, हे असं रोज चालतं?"

मला वाटलं, रोज म्हटलं तर गुरुजींना बट्टा लागेल. म्हणून मी त्यांना वाचवायला गेले. "नाही साहेब," मी म्हटलं, "शनिवारी सकाळची शाळा असते."

महिन्याभराने कागद आला. एकाच पाकिटात दोन हुकूम. मुलांची तयारी उत्तम असल्यामुळे पाचवीचा वर्ग मंजूर. आणि गुरुजींची बदली, लांब डोंगरातल्या शाळेत. माझ्याच तोंडाने माझी पाचवी आली आणि माझ्याच तोंडाने गुरुजी गेले. सगळा गाव मला शाबासकी देत होता आणि मी केळीच्या बुंध्याआड जाऊन रडत होते. गुरुजींसमोर जायची हिंमत होत नव्हती. गुरुजी निघेपर्यंतचा महिनाभर मी वर्गात सूर धरला नाही. पण त्याची गरजही नव्हती. हुकूम आल्यापासून गुरुजी दुपारी झोपतच नव्हते. खिडकीशी बसून नुसते वाड्यांकडे बघत राहायचे. जागे गुरुजी आम्हाला बघवत नव्हते.

पुढे पाचवीत नवे गुरुजी आले, टवटवीत, दिवसभर जागे. माझ्या शंकांपैकी एकीचंही उत्तर त्या पाचवीत नव्हतं. भरतीचं विचारलं तर ते म्हणाले, "पुस्तकात नाही ते विचारायचं नाही." पण ते मला जूनमध्ये कळलं. आधी निरोपाचं सांगते.

बाबांची बैलगाडी केळीचे घड घेऊन विरार स्टेशनला निघाली होती. त्याच गाडीत, घडांच्या मध्ये, गुरुजी आणि त्यांची पत्र्याची पेटी. आयने भुजणं बांधून दिलं होतं. गुरुजी आयला म्हणाले, "बाई, तिकडे नारळ होत नाही म्हणे." तेवढंच बोलले. सगळी शाळा गाडीबरोबर चालत होती. मी सगळ्यांच्या मागे.

थोडं गेल्यावर गुरुजी म्हणाले, "म्हणा रे पाढे. जरा डोळा लागतो का बघतो. भोंगा कुठे आहे?"

मग काय करणार, मी सूर धरला. पाचाला त्यांची मान केळीच्या घडावर कलली. साताला घोरायला लागले. महिन्याभराची झोप होती ती. बैलांच्या चालीवर आम्ही पाढे म्हणत चाललो आणि पोरं एकमेकांकडे बघून हसत होती, जणू बुधवारच आहे.

वेशीवरच्या क्रुसाच्या पुढे आम्हाला जायची परवानगी नव्हती. तिथे आम्ही उभे राहिलो, पण तोंडं बंद केली नाहीत. गाडी जसजशी लांब जाई तसतसे आम्ही अधिक मोठ्याने ओरडायला लागलो, आम्ही मागे राहिल्याचं गुरुजींना कळू नये म्हणून. गळ्याच्या शिरा ताणल्या. पोरं एकेक करून दमली, खोकायला लागली. शेवटी मी एकटी उरले. एकोणिसाच्या पाढ्यात, 'एकोणीस सक'पाशी, माझाही आवाज तुटला.

लांबून, गाडीतून, अगदी बारीक ऐकू आलं, "थांबलं कोण?" आणि वहाण रस्त्याच्या धुळीत येऊन पडली.

मी धावले. वहाण उचलली आणि गाडी गाठली. बाबांनी बैल थांबवले. गुरुजी घडांमध्ये उठून बसले होते, एक पाय उघडा, डोळे किलकिले.

"मी थांबले, गुरुजी," मी म्हटलं. "तेव्हा साहेबांना पण मीच सांगितलं."

गुरुजींनी वहाण घेतली, पायात सरकवली. "बरं झालं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदाचं कुणीतरी सांगितलं."

"तुम्ही परत कधी येणार?"

त्यांनी तपकिरीची चिमूट काढली, ओढली नाही, तशीच बोटांत धरून वर बघत राहिले. "ते पाचवीला आहे," ते म्हणाले, आणि घडाला टेकून डोळे मिटले. "चालू कर, भोंगा."

गाडी निघाली. मी रस्त्याच्या मध्ये एकटी उभी राहिले आणि 'एकोणीस सक'पासून पुढचं धरलं.