लेबलवरचं गाव

“आपलं जांभूळ गावाबाहेर नाई जात, बाई. वाटेतच फुटते.” पुण्याला शिकायला निघाले तेव्हा मी डब्यात जांभळं भरून मागत होते, आणि आईने वडशाच्या स्टेशनवर मला हे सांगितलं होतं.

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या मैत्रिणीने जेवताना एक महागडी रेड वाईन उघडली. द्राक्षांची नव्हे, जांभळांची. आधी आंबट, मग किंचित गोड, आणि गिळल्यावर जिभेच्या कडा आवळणारा तुरटपणा. तो मी डोळे मिटूनही ओळखला असता. बाटलीच्या मागे कुरखेड्याकडच्या एका गावाचं नाव होतं, खाली जिल्हा गडचिरोली. मी लेबलचा फोटो काढला आणि जूनमध्ये जायचं ठरवलं.

वाईन बनवणारे गृहस्थ नाशिककडचे. मैत्रिणीच्या ओळखीने त्यांच्याशी फोनवर बोलले. “रानातलं जांभूळ लहान असतं. गर कमी, साल जाड. रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो,” ते म्हणाले. गावाचं नाव मुद्दाम छापलं होतं. “माल कुठला हे लपवणं मला पटत नाही.” मला ते फार आवडलं.

नागपूरहून ब्रह्मपुरीमार्गे वडसा, एसटीने साधारण चार तास. तिथे आता आमचं कुणी राहत नाही, पण स्टॅंडजवळ साधी, स्वच्छ लॉज मिळते. सकाळी तर्रीपोहे खाऊन कुरखेड्याची बस धरली, पुढे ऑटो. जूनचं ऊन फार असतं, पाणी भरपूर घ्या. आणि बॅगेत बाटली नको, संपूर्ण जिल्ह्यात दारूबंदी आहे.

गावात कौशल्याबाईंकडे उतरले. बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख. जांभूळ गोळा करून पिकअपमध्ये चढवण्याचं काम हाच गट करतो. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही नाल्याकाठी गेलो. एक जण झाडावर चढून फांद्या हलवत होता, खाली चार बायका जुनं लुगडं ताणून उभ्या. टपटप जांभळं पडायची, फुटकी वेगळी, टणक तेवढी क्रेटमध्ये. मीही एक कोपरा धरला.

“मॅडम, ढिला नोको सोडू. सारं मातीत जाईन,” कौशल्याबाई म्हणाल्या.

“पुन्याच्या हाताले सवय नाई,” एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

दुपारी भात, वरण आणि आंब्याचं रायतं. जेवण झाल्यावर मी कौतुकाने मोबाईलमधला फोटो दाखवला. जांभळाची वाईन होते हे त्यांना माहीत होतं. ती जिल्ह्याबाहेर होते, बाहेरच विकते, म्हणून गटाने हो म्हटलं होतं. लेबल मात्र कुणी पाहिलं नव्हतं. कौशल्याबाईंनी फोटो मोठा केला, गावाचं नाव हळूहळू वाचलं.

“हे काऊन लिवलं?”

“तुमचा मान म्हणून,” मी म्हणाले.

“मान?” त्यांनी मोबाईल परत दिला. “आमी आजूबाजूच्या गावात जाऊन दारूचे मडके फोडतो. उद्या थ्या बाया मले म्हनतीन, तुह्याच गावाची बाटली निंगाली. मंग मी कोनत्या तोंडानं जाऊ त्याहिच्या दारात?”

“अस्वलबी जांभूळ खाते,” म्हातारी म्हणाली. “थे कुठी नाव लिवते गावाचं?”

या वेळी हसलं कुणीच नाही. कौशल्याबाई मला ऑटोपर्यंत सोडायला आल्या. “जांभूळ देऊ आमी, तुमच्या मानसाले सांगजा. पन नाव काढत नसन त पुढच्या साली पिकअप नोको धाडू म्हना.” गटातल्या बाकीच्या बायकांना तो पिकअप हवा आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुण्यात परतून आठवडा झाला. गाव कुठलं असं कमेंटमध्ये विचारू नका, मी सांगणार नाही. कुरखेड्याकडे जूनमध्ये जरूर जा, कुठल्याही नाल्याकाठी जांभूळ मिळेल.

त्या गृहस्थांना फोन केला. ते शांतपणे बोलले, त्यांना वाईटही वाटलं. पण ही किंमत लोक त्या एका ओळीसाठी मोजतात, ती काढली तर उरते नुसती जांभळाची वाईन, असं त्यांचं म्हणणं. विचार करतो म्हणाले. आवाजावरून कळलं, करणार नाहीत. हा लेख वाचेन असं त्यांनी कबूल केलंय, म्हणून इथेही त्यांनाच लिहिते: वाईन आहे तशीच राहू द्या, जिल्हाही राहू द्या. फक्त ते गावाचं नाव काढाल का?