मोठ्या आईच्या बसण्याची चेन

आमच्या थोरल्या चुलत्यांइतकं, म्हणजे आबांइतकं, सरळ रेषेवर प्रेम करणारा माणूस पाटोदा तालुक्यात दुसरा नसावा. जिल्ह्याचं मी सांगत नाही, कारण जिल्हा मी अजून पुरता पाहिलेला नाही. कॉलेजसाठी बीडला राहतो, एवढंच. लग्नाच्या पंगतीत बसले की आबा आधी एक डोळा मिटून पंगतीकडे बघतात आणि मधल्या एखाद्या पाहुण्याला, त्याचा घास तोंडात जायच्या आत, म्हणतात, "पावणं, जरा मागं सरका. वाकडी दिसायली." पाहुणे बिचारे पत्रावळीसकट सरकतात. भिंतीवरच्या फोटोतल्या आमच्या आजोबांना त्यांनी इतक्यांदा सरळ केलंय, की खिळ्याभोवतीचा गिलावा पडला आणि आता आजोबा फडताळात उभे असतात.

हा नाद वाढला तो सायकलीमुळे. आबांच्या बायकोला आम्ही मोठी आई म्हणतो. ऊसतोडीला जाऊन जाऊन तिचे गुडघे कामातून गेले. पाटोद्याचा बाजार तिच्या जिवाचा, पण एसटीच्या फाट्यापर्यंत चालणं होईना. तेव्हा आबांनी फवारणीच्या जुन्या पंपाचं पेट्रोलचं इंजिन काढलं, सायकलीच्या कॅरियरखाली लोखंडी पट्टीवर बसवलं आणि तिथून मागच्या चाकाला वेगळी चेन जोडली. गाडी चालते, हे मी स्वतः पाहिलं आहे. आवाज मात्र फवारणीचाच येतो; ती गल्लीतून निघाली की बायका वाळत घातलेले पापड झाकतात.

पहिल्याच बाजारी मोठी आई नवं लुगडं नेसून मागे बसली, आणि नेमकी पारासमोर, सगळं गाव बसलेलं असताना, चेन उतरली. आबांनी बसवली. पुन्हा उतरली. पारावरून कुणीतरी ओरडलं, "आबा, काकूला हँडल द्या अन् तुमी मागून ढकला!" मोठी आई उतरली, पिशवी काखेत मारली आणि लंगडत घरी निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "चेन सरळ करा, मंग बोलवा. लोकांच्या हसण्यावर बसून मला बाजार करायचा न्हाई."

त्यानंतर आबांना दुसरं काही सुचेना. कपाशी लावताना ओळ धरायची जी दोरी असते, ती इंजिनाच्या दातेरी चक्रापासून मागच्या चाकाच्या दातेरी चक्रापर्यंत ताणायची, जमिनीवर पालथं पडायचं, एक डोळा मिटायचा आणि पान्यानं नट किंचित फिरवायचा, असा कार्यक्रम रोज चाले. दोरी तिकडे गुंतल्यामुळे त्या वर्षी कपाशी अंदाजानं लावली गेली आणि नागमोडी उगवली. आबांनी शेताकडे बघायचंच सोडून दिलं. चेन मात्र सरळ झाली. एकटे बसले की ते फाट्यापर्यंत जाऊन येत आणि चेन जागची हलत नसे. मग मोठी आई अंगणापुरती बसायला कबूल झाली, आणि तुळशीला वळसा पुरा व्हायच्या आत चेन खाली.

"तुझ्या बसण्यातच खोट हाय," आबा म्हणाले.

"लग्न झाल्यापास्नं अशीच बसते मी. तवा दिसली न्हाई व्हय?"

ती बसायची एका अंगाला पाय सोडून, तिच्या वयाच्या सगळ्या बायका बसतात तशी. आबांनी एकदा भीतभीत सुचवलं, "दोन्हीकडं पाय टाकून बसलीस तर..." त्या दिवशी त्यांना भाकरी मोठ्या आईच्या हातची मिळाली नाही; ती माझ्या आईनं वाढली.

शेवटी त्यांना कळलं ते योगायोगानं. मोठी आई उभ्या गाडीवर रुसून बसली होती, मी हँडल धरलं होतं आणि आबा खाली पालथे. तिच्या वजनानं इंजिनाची पट्टी बोटभर डावीकडे कलते, हे त्यांना दिसलं. रिकाम्या गाडीवर सरळ केलेली चेन ती बसली की तिरकी व्हायची! "आता हालू नकोस," आबा म्हणाले आणि ती बसलेली असतानाच दोरी ताणून चेन सरळ करायला लागले. मोठी आई सकाळभर तशीच बसून राहिली. तिथंच तिनं तुरीची डाळ निवडली, चहा घेतला, शेजारणीच्या सुनेची चौकशीही केली.

"कावून हालायलीस?" खालून आवाज यायचा.

"श्वास घ्यायले. त्योबी बंद करू का?"

पुढच्या बाजारी दोघं पारासमोरून गेले. चेन उतरली नाही. मोठी आई सरळ समोर बघत होती. फक्त पार आल्यावर तिनं डोक्यावरचा पदर सावकाश सारखा केला.

एक गोष्ट मात्र उलटी झाली. आता आबा एकटे निघाले की चेन उतरते. पारावरची मंडळी विचारतात, "काय आबा, मालकिणीबिगर गाडी चालत न्हाई म्हणं?" आबा गंभीरपणे म्हणतात, "न्हाई चालत."

या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आलो, तेव्हा मोठी आई लेकीच्या बाळंतपणासाठी अंबाजोगाईला गेली होती. बाजाराचा दिवस होता. गाडी भिंतीला टेकून उभी होती आणि आबा पिशवी घेऊन पायी निघाले होते. मला ते बरं वाटलं नाही. मी म्हणालो, "आबा, दोरी आणू का? मोठी आई येईपर्यंत चेन एकट्यापुरती सरळ करून घेऊ. पाना मी धरतो."

आबांनी एक डोळा मिटला आणि बराच वेळ चेनकडे पाहिलं. ती तिरकी होती. मलासुद्धा उभ्यानं दिसत होतं.

"राहू दे," ते म्हणाले. "तिच्या बसण्याला जुळलेली हाय. कशाला हात लावायचा?"

आणि ज्यांना पंगतीतला एक पाहुणा वाकडा बसलेला खपत नाही, ते आबा चेन तशीच वाकडी ठेवून फाट्याकडे चालू लागले.