एकपाखी मांडव

घरामागं मांडव घालायचं ठरलं, तेव्हा लेकीनं मोबाइलवर तीन चित्रं काढून दाखवली. ती शहापूरला कॉलेजला जाते. जुना गोठा मोडला त्याचे सागाचे खांब आणि पत्रे पडून होते. त्यातच सगळं घरच्या घरी करायचं, सुतार लावायचा नाही, असं ठरलं होतं. निवडण-टिपण करायला, दुपारचं जरा पडायला मला घरामागं सावलीची जागा हवी होती. पुढच्या ओट्यावर सारखं कुणी ना कुणी येऊन बसलेलं असतं, तिथं मी टेकत नाही.

पहिल्या चित्रातला मांडव सहा कोनांचा होता, वर टोकदार. आमचे हे म्हणाले, "याच्यावर कळस कोन बसवनार?" तो गेला. राहिले दोन. एक दुपाखी, मधे उंच आणि दोन्ही अंगांना उतरता. दुसरा एकपाखी, एका बाजूनं उंच आणि सगळा उतार दुसऱ्या बाजूला.

"हा तर बस स्टॉप वाटतो," लेक म्हणाली.

"दुपाखीच करू," हे म्हणाले. "तुला कुठचा आवडला गो?"

"कुठचापन चालल," मी म्हटलं.

मला एकपाखीच हवा होता. पण चार शब्द जुळवेपर्यंत लोक पुढच्या गोष्टीवर गेलेले असतात, हे माझं नेहमीचंच.

मागच्या अंगाला लागून मोठ्या दिरांचं घर आहे. वाटण्या झाल्या तेव्हा मधे कुंपण घातलं नाही, दगडांची एक रांग लावली. दगडांच्या पलीकडे लगेच जाऊबाईंचा अळवाचा वाफा. मागं एकदा आमच्या मोरीचं पाणी त्या बाजूला गेलं, त्यावरून भांडण झालं आणि दोन वर्षं बोलणं बंद होतं. एकाच नळावर आम्ही दोघी मान खाली घालून हंडे भरत होतो. मग माझे वडील वारले. मी माहेरी म्हसा गावाकडं होते, तर जाऊबाईंनी कुणी न सांगता माझ्या लेकीला आणि यांना चार दिवस जेवू घातलं. त्यानंतर बोलणं सुरू झालं. दुपाखीचा एक उतार त्यांच्याच बाजूला येणार, आणि ते बोलणं पुन्हा पाण्यावरून तुटेल, ही मला भीती.

यांना वाशिंदच्या कारखान्याला रविवारीच सुट्टी असते. त्या रविवारी यांनी आणि लेकीनं दोरी लावून खुंट्या ठोकल्या. दगडांपासून हातभर आत खांब, म्हणजे आपल्याच हद्दीत, असं यांचं म्हणणं. खांब आत होते हे खरं. पण आमच्याकडे पाऊस आडवा मारतो, म्हणून पत्रा खांबाच्या पुढं दोन हात काढावाच लागतो. पागोळ्या पडायच्या त्या पत्र्याच्या टोकावरून. ते कुणी मोजलंच नव्हतं.

तेवढ्यात जाऊबाई पडवीत आल्या. खुंट्यांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि तशाच आत गेल्या.

"एकपाखी करा," मी म्हटलं.

"आता?" यांनी पहार खाली टाकली. "सकाळपासून काय झोपली होतीस?"

"आई, बस स्टॉप दिसल तो!"

मला पुढचं सांगता येईना. मग मी खुंटीपासून दोन हात मोजले आणि तिथं जाऊन उभी राहिले. दगडांच्या पलीकडे, अळवाच्या वाफ्यात.

इतक्यात जाऊबाई दारात आल्या.

"काय गो, माझ्या अळवात काय करतेस?"

"वयनी, मी पागोळी हाय," मी म्हटलं. काय बोलले ते मला बोलल्यावर कळलं.

लेक फिदीफिदी हसायला लागली. हे मात्र खुंटीकडे आणि माझ्या पायांकडे आळीपाळीनं बघत होते. मग त्यांनी वाकून खुंटी हलवायला घेतली.

जाऊबाई पायरीवर बसल्या. "मगाशी बघून मीच घाबरले. बोलले तर परत भांडान, नाय बोलले तर पावसाळाभर माझा वाफा वाहून जानार. आत जाऊन नुसती बसले होते, चूल पन पेटवली नाय."

"मी पन सकाळपासून जेवले नाय," मी म्हटलं.

"मग ये की आत. हितं उभी राहून काय मुळं फुटनार?"

मी त्यांच्याकडे दोन भाकरी खाल्ल्या. किती दिवसांनी अन्न गोड लागलं. खिडकीतून दिसत होतं, हे आणि लेक भांडत भांडत खुंट्या उपटत होते.

मांडव एकपाखी झाला. उंच बाजू जाऊबाईंकडे, उतार आमच्या घराकडे. सगळं पाणी आमच्याच चरातून जातं. पावसात मी तिथं बसते, तेव्हा पागोळ्या कुठं पडतात ते आधी बघते आणि मग कामाला हात लावते. जाऊबाई उंच बाजूनं ताठ येतात, वाकावं लागत नाही. आमच्या यांना घराकडून यायचं, म्हणजे उताराच्या बाजूनं. दोन दिवसांआड पत्र्याला कपाळ आपटतं, आणि ते म्हणतात, "बघ, तुझा एकपाखी!"

"वाकून या," मी म्हणते. आता एवढं मला पटकन बोलता येतं.