विहिरीवरची यारी

जळगावच्या ज्या कारखान्यात मी माहितीपत्रकं मराठीत लिहिते, तिथं पुण्याहून नवा इंजिनिअर आला आणि त्यानं माझ्या मजकुरातल्या एका शब्दाभोवती लाल गोल काढला. शब्द होता यारी. विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम, आणि खालची माणसंही, लोखंडी डब्यातून वर ओढणारं यंत्र. त्याचं म्हणणं, सरळ क्रेन लिहा, यारी कुणाला कळणार? म्हटलं, बाबा रे, दोंडाईच्यापासून जामनेरपर्यंत कुठल्याही बांधावर उभा राहा आणि विचार. क्रेन म्हटलं की लोकांना उलटलेला ट्रक उचलणारी आठवते.

तरी शब्दकोश काढला. त्यात यारीचा पहिला अर्थ मैत्री, आणि पुढे ओझं उचलायचं यंत्र. शब्द मुळात कुठला, यावर कोश गप्प. धुळ्यात तारेचे दोर विकणारे एक मारवाडी शेठ आहेत. त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की तो त्यांच्या मुलखातून आला. ओळखीचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, छे, बंदरावरून आला, जहाजातला माल उतरवणाऱ्यांकडून. पुरावा दोघांकडेही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला विचाराल तर मला माहीत नाही, आणि तसं सांगायची लाजही वाटत नाही. अर्थ मात्र मला कोशातून शिकावा लागला नाही.

माझे वडील यारी चालवायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. जमिनीत रोवलेले लोखंडी पाय, विहिरीवर झुकलेला लांब हात, डिझेलचं इंजिन, तारेचा दोर आणि ब्रेकचा दांडा, एवढा त्यांचा संसार. विहिरीतल्या माणसाला वर बघितलं की आभाळाचा तुकडा आणि दोर दिसतो, दांड्यावर कोण बसलंय ते दिसत नाही. म्हणून यारीवाल्यांची एक रीत होती. ज्यानं माणूस उतरवला त्यानंच तो वर काढायचा. मधेच दांडा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. माणसं खाली असेपर्यंत आबा भाकरीलाही हात लावत नसत. ती वाळून कडक व्हायची, आणि आई त्यांना चार शब्द ऐकवायची.

आईला छातीत कळा आल्या म्हणून मी तिला धुळ्याला दवाखान्यात नेलं. आबा तेव्हा दोंडाईच्याजवळच्या एका विहिरीवर होते. दुपारी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की कुणाला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा. मी काकांना फोन लावला. ते आबांच्याच यारीवर असायचे, आणि दांडा धरण्यात आबांइतकेच तयार. काका म्हणाले, खाली चार माणसं सुरुंग भरताहेत, काम अर्ध्यावर आहे, ते तसंच टाकून वर येता येत नाही. मग तुम्ही बसा ना दांड्यावर, मी म्हटलं, आबांना लगेच पाठवा.

इंजिनाच्या धडधडीत दोघांचं बोलणं अर्धवट ऐकू आलं. काका समजावत होते. मग आबांनीच फोन घेतला.

"मी उतारेल शेतस, मीच काढसू."

एवढं बोलून फोन ठेवला. मी उतरवलंय, मीच काढणार. माझ्या अंगाची लाही लाही झाली. इकडे बायको जातेय आणि या माणसाला आपल्या रिती सुचताहेत! दारातून आत येऊ देत, सगळ्यांसमोर सुनावते, असं ठरवून मी आईच्या खाटेशी बसले. तिला एवढंच सांगितलं की आबा निघताहेत, माणसं वर आली की. तिनं डोळे मिटले. जागी आहे की ग्लानीत, कळेना. मी दर थोड्या वेळानं तिच्या नाकाशी हात धरून बघत होते.

आबा आले तेव्हा दिवस कलला होता. कपडे मुरमानं माखलेले, अंगाला डिझेलचा वास. मी उठून उभी राहिले, तोंड उघडलं. पण माझ्या आधी आईच बोलली. दुपारपासूनचे तिचे हे पहिले शब्द.

"बठ्ठा वर उनात का?"

सगळे वर आले का, एवढंच. आबा म्हणाले, उनात. तिनं पाय थोडे आखडून घेतले आणि म्हणाली, मंग बठा आते. तिनं बसा म्हटल्यावर ते खाटेच्या कडेवर टेकले. मी सुनावायचं सोडून त्यांना पाणी ओतून दिलं.

दोघांना एकमेकांजवळ जेमतेम अर्धा तास मिळाला. मला वाटलं होतं, काही स्वतःचं बोलतील. आई हळूहळू, थांबत थांबत, विहिरीत उतरलेल्या, तिच्या रोजच्या ओळखीच्या चौघांची नावं घेत राहिली, आणि आबा तिचा हात धरून प्रत्येक नावाला सांगत राहिले, उना.